पाणी पडते: एसी दुरुस्तीचा इतिहास शोधताना

सिनॉप्सिसच्या बैठकीत समितीतल्या एका सरांनी मला विचारलं होतं, "एसी दुरुस्त करण्यात इतिहास कुठे आला?" प्रश्न खोचक नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. दोन-तीन मोठ्या पुस्तकांची नावं घेतली आणि खाली बसले. पेट पास होऊन सध्या विषय शोधणाऱ्या काही जणांनी गेल्या महिन्यात मला जवळजवळ तेच विचारलं: असल्या विषयाला साधनं कुठून मिळतात? म्हणून हे उत्तर, जरा उशिराच.

सुरुवात एका रजिस्टरपासून करते.

लालबागमधला एक गाळा. आत दोन उघडे विंडो एसी, भिंतीशी ओळीने ठेवलेले कॉम्प्रेसर, खिळ्यांना अडकवलेली तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, कोपऱ्यात मोटर वाइंडिंगचं टेबल, आणि गणपतीच्या फोटोखालच्या फळीवर लाल कापडी बांधणीची रजिस्टरं. १९८६ ते २०११. दुकानाच्या मालकांना मी काका म्हणते. नाव कुठेही द्यायचं नाही असं आमचं पहिल्याच दिवशी ठरलं आहे. त्यांनी ही रजिस्टरं इतिहासासाठी ठेवलेली नाहीत. "मागच्या वर्षीच तर गॅस भरला होता," म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं की तारीख दाखवता यावी, एवढ्यासाठी ठेवली. रकाने पाच: तारीख, ठिकाण, तक्रार, काम, पैसे.

तक्रारीच्या रकान्यात मला काय सापडेल याचा अंदाज मी आधीच बांधून गेले होते. (हे करू नका. सगळे करतात, तरी करू नका.) मला वाटलं होतं, "थंड होत नाही" हीच मुख्य तक्रार असणार. ती आहेच. पण पानामागून पान जी तक्रार येते ती वेगळीच आहे: "पाणी पडते". कधी "आत पाणी", कधी "भिंत ओली", एका ठिकाणी "साहेबांच्या गादीवर पाणी – अर्जंट".

एसीच्या कॉइलवर हवेतली वाफ जमते, तिचे थेंब होतात, ते ट्रेमध्ये पडतात आणि नळीवाटे बाहेर जातात. मुंबईच्या जूनमध्ये दीड टनाचा एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतो. त्या नळीत बुरशीचा बुळबुळीत थर धरला, धुळीचा गोळा अडकला, की तेच पाणी घरात. विंडो एसीच्या काळात आणखी एक कारण असायचं आणि ते मला फार आवडतं. एसी मागच्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, किंचित उतरता बसवावा लागतो. पण लाकडी चौकट करणारा सुतार चांगला असेल तर तो लेव्हल लावून ती अगदी सरळ बसवणार. मग पाणी आत. रजिस्टरमध्ये "फ्रेम सरळ, पाचर मारली" अशी नोंद कितीतरी वेळा येते. सुताराने आपलं काम चोख केलं म्हणून मेकॅनिकला बोलावणं आलेलं!

आता हीच तक्रार नागपूरला कितीशी येणार? विदर्भातल्या वाचकांनी यावर मला खुशाल दुरुस्त करावं, पण हिशेब असा आहे. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तोच तापमापक २९ च्या आसपास थांबतो. म्हणजे पाणी उडवून हवा गार करायची युक्ती नागपूरला भरपूर कामाची आणि मुंबईला जवळजवळ निकामी. वाळ्याच्या ताट्या आणि त्यांचा आजचा वारस म्हणजे कूलर, हे कोरड्या उन्हाळ्याचे उपाय. दमट किनाऱ्याला घाम वाळवायला फक्त वारा होता, आणि वाऱ्यासाठी पंखा ओढणारा माणूस. कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र किनाऱ्यावर आलं तेव्हा ते कूलरची महाग आवृत्ती म्हणून आलं नाही. जे दुसऱ्या कशानेच होत नव्हतं ते करायला आलं.

आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या वस्तूंच्या यादीत एसी आणि कूलर एकाच खान्यात आहेत. त्या एका आकड्यावर "भारतात शीतकरणाचा प्रसार" असं प्रकरण लिहायला बसाल तर अकोल्याचा पत्र्याचा कूलर आणि दादरचा स्प्लिट एसी एकच होऊन जातात. आकडा खोटा नाही. तो वेगळ्या कामासाठी गोळा केलेला आहे, इतकंच.

खरं तर या यंत्राचा जन्मच दमटपणापायी झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उन्हाळ्यात कागद हवेतलं पाणी पिऊन फुगायचा, त्यामुळे एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. ते सोडवायला विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने यंत्रणा आखली. माणसांना गार वाटावं हा हेतू त्यात नव्हताच. आणि "एअर कंडिशनिंग" हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला तो कापडगिरण्यांसाठी. तिथे तर हवेत पाणी सोडायचं होतं, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं.

कापडगिरणी म्हटल्यावर लालबाग आलंच. मुंबईच्या गिरण्यांतही हवा मुद्दाम दमट ठेवली जायची. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम दमटपणावर एक स्वतंत्र कलम होतं, पंधरावं; कामगार ज्या हवेत उभे असतात तिच्यात किती आणि कसलं पाणी सोडायचं यावर सरकारला लक्ष ठेवावं लागत होतं. काकांचे वडील एका गिरणीत ह्युमिडिफिकेशन खात्यात होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि ती नोकरी परत आली नाही. काका तेव्हा विशीत होते, वडिलांबरोबर पंप-पंखे-मोटरी बघितलेल्या होत्या, ओळखीच्या एका मेकॅनिककडे हाताखाली लागले. "वडील हवेत पाणी सोडायचे, मी काढतो," असं ते एकदा सहज म्हणाले. मला हे वाक्य प्रकरणाचं शीर्षक म्हणून वापरायचं होतं. गाइड म्हणाल्या, एका माणसाच्या घराण्यावरून गिरणगावाचा इतिहास काढू नकोस. बरोबर आहे. किती गिरणी कामगार एसीच्या धंद्यात आले हे सांगेल असं एकही साधन माझ्या हातात नाही, म्हणून थीसिसमध्ये हे एक आयुष्य म्हणूनच येईल, प्रवाह म्हणून नाही.

थोडं विषयांतर, पण "दीड टन" म्हणजे काय हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. यंत्राचं वजन नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद, म्हणजे एक टन. (हा अमेरिकी टन, २००० पौंडांचा.) १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने कलकत्त्याला जहाजाने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ पाठवला, सुमारे १८० टन भरला होता, पोचेपर्यंत शंभरेक टन उरला. पुढे मुंबई-मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला, चेन्नईत त्याची कोठी अजून उभी आहे. बर्फ गेला, त्याचं माप राहिलं. आपण आजही दुकानात जाऊन नकळत बर्फाच्या हिशेबात एसी मागतो.

आता साधनांकडे. एसीचा इतिहास शोधायला गेलात तर सहज हाती लागतात त्या विकणाऱ्यांच्या गोष्टी. १९३३ चं रीगल थिएटर, तिथली गार हवा. १९४३ मध्ये सुरू झालेली ब्लू स्टार, १९५४ मध्ये टाटा आणि व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून काढलेली व्होल्टास. दोन्ही मुंबईच्या, दोन्हींबद्दल वाचायला मिळतं. जाहिराती तर रंगीत आणि सुबक. हे सगळं उपयोगाचं आहे, पण ते यंत्राच्या आयुष्यातला पहिला दिवस सांगतं. नंतरची दहा-पंधरा वर्षं ते यंत्र कुणाच्या हातून चालत राहिलं? डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेऐवजी वापराच्या अंगाने लिहायला सांगितलं, त्यात देखभाल-दुरुस्तीला एक पूर्ण प्रकरण दिलं. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी'त भारतातली शिवणयंत्रं, सायकली, टाइपरायटर, भातगिरण्या यांचा असाच माग काढला. आणि ज्युलियन ओर यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' – फोटोकॉपी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून लिहिलेलं – यातून मला कळलं की मेकॅनिक चहा पिताना एकमेकांना जे किस्से सांगतात ती टवाळकी नसून त्यांची ज्ञानाची देवाणघेवाण असते. ओर वाचल्यापासून मी टपरीवर रेकॉर्डर बंद करणं बंद केलं (परवानगी घेऊन, अर्थात).

या गप्पांमधून मला जे पहिलं मोठं काही मिळालं ते म्हणजे शहराचा एक नकाशा. कागदावर नाही, बोलण्यात. "नाल्याकडची बाजू", "खाडीची बाजू", "समुद्राची बाजू". एकाच इमारतीत एका अंगाच्या एसींची कॉइल दरवर्षी लीक होते आणि दुसऱ्या अंगाची सात-आठ वर्षं टिकते, हे मेकॅनिक पत्ता ऐकूनच सांगतात. यामागे रसायनशास्त्र आहे. कुजणाऱ्या नाल्यातून आणि खाडीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्यांचा वास येतो तो. तांब्यावर तो बसला की तांबं काळं पडतं, मग खातं. समुद्राकडे काम मिठाचं: तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पातळ पाती एकमेकांना चिकटलेली, त्यात खारं पाणी, म्हणजे जवळजवळ बॅटरीच तयार होते आणि पात्यांचा भुगा होतो. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. ओल, हवा, आणि फर्निचरच्या प्लायवूड-डिंकातून किंवा साफसफाईच्या द्रवांतून येणाऱ्या सेंद्रिय आम्लांचा अंश एकत्र आला की तांब्याच्या आत वाकड्यातिकड्या बारीक सुरुंगांचं जाळं पडतं. बाहेरून काही दिसत नाही. इंजिनियर याला मुंग्यांच्या वारुळाचा गंज म्हणतात. गंमत म्हणजे यातलं एक नेहमीचं आम्ल फॉर्मिक, त्याचंही नाव मुंगीवरूनच पडलेलं.

काका याला "सुईचं लीक" म्हणतात. साबणाचा फेस लावून तासभर बसावं तेव्हा एक बुडबुडा येतो, मग ब्रेझिंग करून ते भोक बुजवायचं, आणि महिन्याभरात दोन इंचांवर दुसरं. गिऱ्हाईक म्हणतं, मेकॅनिक चोर आहे, मुद्दाम अर्धं काम करतो. रजिस्टरमध्ये एका पत्त्यावर एकाच वर्षात चार वेळा "गॅस लीक" आहे, चौथ्या वेळी पैशाच्या रकान्यात शून्य. मी आधी तिथे "ग्राहकाची फसवणूक?" असं टिपण केलं होतं, प्रश्नचिन्हासकट. ते टिपण अजून जपून ठेवलंय. आपण गिऱ्हाइकाच्या वर्गातून आलेलो असतो हे त्याने मला लक्षात राहतं.

या रकान्यात मधूनमधून "पाल" असाही शब्द येतो. पावसाळ्यात पाल उबेला कंट्रोलच्या पेटीत शिरते, दोन टोकांना चिकटते आणि जाते, जाताना सर्किटही नेते. बाकी काही सांगायचं नाही यावर.

आता गॅसबद्दल. इथे मी सर्वात मोठी चूक केली.

थोडक्यात इतिहास असा. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारा शीतकारक बनवला. १९३० मध्ये मिजलींनी तो छातीत भरून घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी अशा क्लोरीनयुक्त गॅसांमुळे ओझोनचा थर विरतो असं मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार, भारत त्यात १९९२ मध्ये आला. खोल्यांच्या एसीत वापरला जाणारा आर-२२, म्हणजे बाजारातला "बावीस नंबर", त्याच कुळातला पण कमी घातक. विकसनशील देशांनी त्याचा वापर २०१३ ला गोठवायचा आणि टप्प्याटप्प्याने २०३० पर्यंत बंद करायचा असं ठरलं. त्या वेळापत्रकात एक शेपूट आहे: २०३० नंतरही २०४० पर्यंत सरासरी अडीच टक्के गॅस वापरता येईल, मुख्यतः जुनी यंत्रं दुरुस्त करायला. जगभरच्या मुत्सद्द्यांनी बसून केलेल्या करारात दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेली ही अडीच टक्के जागा मला दिसली त्या दिवशी मी ग्रंथालयात एकटीच हसत होते.

तर माझ्या सिनॉप्सिसमध्ये वाक्य होतं: "असंघटित क्षेत्रातील अकुशल मेकॅनिकांच्या चुकीच्या पद्धतींमुळे गॅस वातावरणात सोडला जातो." धोरणाच्या कागदपत्रांत अशी भाषा सर्रास असते; मी ती उचलली होती, तेही संदर्भ देऊन, म्हणजे फार अभिमानाने. काकांनी एकदा विचारलं, "ताई, आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना." मी दाखवलं. मराठीच होतं, टाळायची सोय नव्हती.

ते चिडले नाहीत. पाना खाली ठेवून म्हणाले, "गॅस मी पैसे देऊन आणतो. हवेत सोडायला मला हौस आहे का? सोडला, खूप सोडला. पण काढून घ्यायचं मशीन केवढ्याचं, ते चौथ्या मजल्यावर जिन्याने कोण नेणार, आणि काढून घेतल्याचे पैसे कुठलं गिऱ्हाईक देणार? भरल्याचे देतात."

मग त्यांनी मला जुनी पद्धत समजावली. नळ्या जोडल्यावर आत अडकलेली हवा आणि ओल बाहेर काढावी लागते. नीट करायचं तर व्हॅक्यूम पंप लावून अर्धा-पाऊण तास खेचायचं. पंप जड, वीज गिऱ्हाइकाची, दिवसाला कॉल सहा. म्हणून थोडा गॅस आत सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलायची. बावीस नंबरच्या यंत्रात खनिज तेल असायचं, ते ओल फारशी धरत नाही, त्यामुळे हे बऱ्यापैकी खपून जायचं. नंतर ४१०ए आणि ३२ नंबरचे गॅस आले. त्यांच्या कॉम्प्रेसरमधलं तेल वेगळं, हवेतली ओल पटकन पिणारं. ओल मुरली की आत आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून सडतो. दाबही बावीस नंबरच्या दीडपटीहून जास्त. जुलैच्या मुंबईत नळ्या उघड्या ठेवून चहाला गेलात तर संपलंच. म्हणजे बदल नुसता गॅसचा नव्हता. जी सवय वीस वर्षं चालून गेली तीच या दमट हवेत एकाएकी महागात पडू लागली. काकांना हे कुणी शिकवलं? पहिल्या तीन जळालेल्या कॉम्प्रेसरांनी, आणि नंतर आयटीआय करून आलेल्या पुतण्याने.

त्यात ३२ नंबर हलकासा पेटणारा. २०१२ च्या सुमारास आपल्याकडे प्रोपेनवर चालणारे एसी विकायला आले, तो तर सरळ पेटतो. न पेटणं हा मिजलींच्या गॅसचा मोठा गुण होता, आणि त्या भरवशावर दोन पिढ्या मेकॅनिक टॉर्च पेटवून नळीजवळ जात होत्या. ओझोन आणि तापमानासाठी जो गॅस चांगला, तो हाताळणाऱ्याच्या हातासाठी जास्त धोक्याचा. सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. ते आवश्यकच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण आराखडा वाचताना असं वाटतं की तंत्रज्ञाला आधी काही येतच नव्हतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबून विचारायला हवं: त्याला काय येत होतं, कोणत्या यंत्रासाठी, आणि ते कधीपासून चालेनासं झालं?

वाक्य मी बदललं. "अकुशल" काढला. काकांनी गॅस सोडला ही गोष्ट तशीच ठेवली, ती त्यांनीच सांगितलेली आहे.

आणखी एक बदल रजिस्टरमधून दिसतो, विंडोकडून स्प्लिटकडे. विंडो एसी कारखान्यातून बंद होऊन येतो, त्याच्या गॅसच्या नळीला जागेवर एकही जोड नसतो. स्प्लिटमध्ये आतला आणि बाहेरचा भाग जोडणाऱ्या नळ्या तुमच्या घरात कापल्या जातात, त्यांची तोंडं हाताने फुलवली जातात, नट आवळले जातात. म्हणजे यंत्राचं शेवटचं टोक बसवणाऱ्याच्या मनगटात गेलं, आणि बाहेरचा भाग बिल्डिंगच्या बाह्यांगावर, लोखंडी ब्रॅकेटवर. मेकॅनिक खोलीतून उठून छज्जावर गेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून रजिस्टरमध्ये "आउटडोअर" हा शब्द वाढत जातो. मी त्याचा तक्ता केला, छान चढता आलेख आला, परिषदेत दाखवलाही.

२००१ च्या जूनमध्ये रजिस्टरला खंड आहे. एकोणीस दिवस कोरे. मी समासात लिहिलं होतं: "पाऊस लागल्याने मंदी." अगदी पटण्यासारखं, जूनमध्ये गारवा येतो, कॉल कमी होतात. खंडानंतर अक्षरही बदललेलं आहे, आधीचं घाईतलं, नंतरचं सुवाच्य आणि ओळीत. मी त्याचा अर्थ लावला, धंदा वाढल्याने लिहायला वेगळा माणूस ठेवला असावा. आणि वाचायला सोपं म्हणून माझं बरंचसं विश्लेषण मी त्या सुवाच्य रजिस्टरांवरच केलं.

हे मी काकांना विचारलंच नव्हतं. दीड वर्ष. एका दुपारी पानांचे फोटो काढताना सहज म्हटलं, "इथे बरेच दिवस सुट्टी होती वाटतं." काका काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या वाइंडिंगच्या टेबलाकडून उत्तर आलं: "तेव्हा मी पडलो."

ते काकांचे धाकटे भाऊ. मी गेले की मान हलवायचे, पंख्याच्या मोटरी भरत बसलेले असायचे, म्हणून मी त्यांना "हेल्पर" असं नोंदवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर आउटडोअर काढताना ब्रॅकेटचा बोल्ट भिंतीतून निघाला. खारी हवा, पावसाचं पाणी, आत गंजून बारीक झालेला. बाहेरून रंग चांगला होता. दोर बांधलेला नव्हता, तेव्हा कुणीच बांधत नसे. उजवा पाय गुडघ्यातून पुन्हा वाकला नाही. जिने चढणं संपलं, म्हणून ते दुकानात बसायला लागले, आणि बसल्या बसल्या रजिस्टर लिहायला लागले.

म्हणजे ज्या अक्षरावर माझा आलेख उभा आहे ते अक्षर त्या खंडातून आलेलं आहे. इथे साधनशुचितेवर दोन परिच्छेद लिहिता येतील, पण ते तुम्हाला पेपर एकच्या पुस्तकात मिळतील.

त्यानंतर मी त्या काकांच्या चार मुलाखती घेतल्या. तक्रारीचा रकाना ते गिऱ्हाइकाच्या शब्दांत भरायचे की स्वतःच्या, हे मी विचारलं. गिऱ्हाईक "गळतंय", "ठिबकतंय", "लीकेज" काहीही म्हणो, ते एकच लिहायचे. "पाणी पडते" हे त्यांचे शब्द आहेत. २००१ च्या आधी थोरल्या काकांच्या अक्षरात याच तक्रारीला चार-पाच वेगवेगळे शब्द येतात, त्यामुळे माझी मोजणी सगळी पुन्हा करावी लागली. सध्या तेच चाललंय.

रजिस्टरं स्कॅन करायची परवानगी दोघांनी दिली आहे, अट एवढीच की गिऱ्हाइकांचे फोन आणि फ्लॅट नंबर झाकायचे. जूनच्या त्या कोऱ्या पानावर खंडाचं कारण नोंदवू का, असं मी धाकट्या काकांना विचारलं. पेन्सिलने लिही म्हणाले, पेनने नको.